विसंगत क्ष-किरण स्पंदकांचा अवरक्त प्रकाशातील माग

जबलपूर शहरातील मदन महलच्या टेकडीवरून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे पाहिले, तर ध्रुवताऱ्याच्या बऱ्याच वर शर्मिष्ठा हा तारकासमूह इंग्रजी एम अक्षराच्या आकारात दिसतो. या आकृतीच्या उजवीकडील शेवटच्या दोन ताऱ्यांच्या दरम्यान, क्षितिजापासून सुमारे ५१ अंश उंचीवर, आकाशाचा एक तुकडा नुसत्या डोळ्यांना पूर्णपणे रिकामा भासतो. शहराच्या दिव्यांमुळे तो रिकामा भासतो असे मात्र नाही. सर्वसाधारण दुर्बिणीलाही तेथे विशेष असे काही सापडत नाही. परंतु क्ष-किरणांत पाहणाऱ्या उपग्रहांना याच ठिकाणी एक ठळक स्रोत दिसतो आणि त्याचे तेज दर ८.७ सेकंदांनी कमी-अधिक होते. खगोलशास्त्रज्ञ त्याला ४यू ०१४२+६१ या नावाने ओळखतात.

या रुक्ष नावातही थोडा इतिहास दडलेला आहे. 'यू' हे अक्षर उहुरू या क्ष-किरण उपग्रहाचे. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून तो अवकाशात सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन असल्याने स्वाहिली भाषेतील 'स्वातंत्र्य' या अर्थाचा शब्द त्याला नाव म्हणून मिळाला. उरलेले आकडे म्हणजे उहुरूच्या चौथ्या सूचीतील क्रमांक आणि त्या स्रोताचा आकाशातील पत्ता. खरी अडचण या पत्त्याचीच होती.

विसंगती कशात आहे?

क्ष-किरण स्पंदक हे न्यूट्रॉन तारे होत. सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाच्या ताऱ्याचा अतिनवतारा म्हणून स्फोट होताना त्याचा गाभा आकसतो आणि सूर्यापेक्षा काहीसे जास्त द्रव्य सुमारे वीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंडले जाते. असा तारा स्वतःभोवती फिरताना त्याच्या किरणांचा झोत दीपगृहाच्या झोताप्रमाणे आपल्यावरून जातो आणि आपल्याला स्पंद जाणवतात. एकट्या न्यूट्रॉन ताऱ्याला ही ऊर्जा बहुधा त्याच्या परिभ्रमणातून मिळते व त्यामुळे तो हळूहळू मंदावतो. जोडीला दुसरा तारा असेल, तर त्याचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळते, तापते आणि क्ष-किरण बाहेर पडतात. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात ज्ञात असलेले बहुतेक क्ष-किरण स्पंदक या दुसऱ्या प्रकारात चपखल बसत होते.

१९८१ मध्ये कॅनडातील ग्रेगरी फालमन आणि फिलिप ग्रेगरी यांनी आइन्स्टाइन या उपग्रहाच्या साह्याने शर्मिष्ठा आणि वृषपर्वा या तारकासमूहांच्या सीमेजवळ एक स्पंदक शोधून काढला. सीटीबी १०९ या अतिनवताऱ्याच्या अर्धवर्तुळाकार अवशेषात तो जवळजवळ मध्यभागी आहे. त्याचे नाव १ई २२५९+५८६. तो दर सात सेकंदांनी एक फेरी पूर्ण करतो. १९९४ मध्ये इटलीतील जियानलुका इस्राएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळून ४यू ०१४२+६१ याचेही स्पंद शोधले. १९९५ पर्यंत अशा काही स्रोतांचा एक गटच तयार झाला. सर्वांचा फेरीचा काळ ६ ते १२ सेकंदांच्या दरम्यान, सर्वांचा वेग सातत्याने मंदावणारा आणि सर्वांचा ठावठिकाणा आकाशगंगेच्या पट्ट्यात.

हिशेब मात्र कोणाचाच जुळत नव्हता. वेग मंदावण्यातून जेवढी ऊर्जा मोकळी होते, तिच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा हे तारे केवळ क्ष-किरणांतून उधळत होते. म्हणजे परिभ्रमण हा ऊर्जेचा स्रोत असू शकत नाही. जोडीदार तारा म्हणावा, तर जोडीदाराभोवती फिरताना स्पंदांच्या वेळेत जो मागे-पुढे फरक पडायला हवा, तोही आढळत नव्हता. म्हणूनच त्यांना विसंगत क्ष-किरण स्पंदक असे नाव मिळाले. उत्पन्नाचा ज्ञात मार्ग नसताना एवढा खर्च करणाऱ्या गृहस्थाविषयी शेजाऱ्यांना जे कुतूहल असते, तसेच काहीसे हे होते.

स्पष्टीकरणासाठी दोन मते पुढे आली. पहिल्या मतानुसार अतिनवताऱ्याच्या स्फोटानंतर काही मलबा मागे उरून ताऱ्याभोवती तबकडीसारखा फिरत राहतो आणि तोच हळूहळू ताऱ्यावर पडतो. दुसरे मत रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावर आधारलेले होते. काही न्यूट्रॉन ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र शंभर लाख कोटी ते हजार लाख कोटी गॉस इतके प्रचंड असते आणि त्या क्षेत्राचा ऱ्हास हाच ऊर्जेचा स्रोत होय, असे ते मत होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण अर्ध्या गॉसचे आहे. अशा ताऱ्यांना मॅग्नेटार म्हटले जाते. मराठीत चुंबकतारा हा शब्द सहज चालेल.

ही दोन मते पारखण्याचा मार्ग अवरक्त प्रकाशातून जात होता. मोठी तबकडी असेल, तर क्ष-किरणांनी तापून ती दृश्य व अवरक्त प्रकाशात बऱ्यापैकी उजळ दिसायला हवी. जोडीदार तारा असेल, तर तो स्वतः दिसायला हवा. आणि दोन्ही नसतील, तर जे काही दिसेल ते अतिशय मंद आणि नेहमीच्या ताऱ्यांहून वेगळ्या रंगाचे असायला हवे.

प्रतिरूप आणि जोडीदार

येथे एका शब्दाविषयी थोडे थांबणे आवश्यक आहे. क्ष-किरणांत आढळलेला स्रोत दुसऱ्या तरंगलांबीच्या प्रकाशात जसा दिसतो, त्याला या लेखात प्रतिरूप म्हटले आहे. अनुवाद करताना जोडीदार किंवा सहचर हे शब्द जिभेवर आधी येतात आणि काही वृत्तांमध्ये ते आलेही आहेत. पण त्यामुळे अर्थाचा अनर्थ होतो. जोडीदार हा दुसरा तारा असतो. प्रतिरूप म्हणजे तोच तारा, निराळ्या प्रकाशात पाहिलेला. विसंगत स्पंदकांच्या बाबतीत तर सगळा वादच या दोहोंपैकी काय सापडते, यावर अवलंबून होता.

प्रतिरूप शोधण्यासाठी अवरक्त प्रकाशच का, याचे उत्तर धुळीत आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यात आपल्या आणि या ताऱ्यांच्या मध्ये धुळीचे प्रचंड ढग आहेत. दृश्य प्रकाश त्यांत अडतो, अवरक्त प्रकाश पुष्कळसा पार होतो. धनू तारकासमूहातील एसजीआर १८०६-२० या चुंबकताऱ्याचे उदाहरण घेता येईल. तेथून येणारा दृश्य प्रकाश धुळीमुळे सुमारे तीस प्रतींनी मंदावतो, म्हणजे तो एक लाख कोटी पटींनी कमी होतो. सव्वादोन मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात ही घट सुमारे तीनच प्रतींची, म्हणजे पंधरा-सोळा पटींची असते. वाचकांना स्मरत असेल की ताऱ्यांच्या तेजाच्या मोजपट्टीवर प्रत जितकी मोठी, तितका तारा मंद. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

परंतु धूळ पार झाली की दुसरी पंचाईत उभी राहते. अवरक्त छायाचित्रात तारेच तारे दिसू लागतात. क्ष-किरण दुर्बिणीने दिलेला पत्ता नेमका नसेल, तर त्या गर्दीतील कोणता तारा आपला, हे कसे ठरवायचे? जुन्या उपग्रहांचा पत्ता बहुधा काही विकलांपासून दहा-पंधरा विकलांपर्यंत चुकू शकत असे. एक विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. ऐकायला ते थोडे वाटते, पण दहा विकलांच्या त्रिज्येचे वर्तुळ आकाशगंगेच्या दाट भागात अनेक तारे सामावून घेते. जुलै १९९९ मध्ये चंद्रा ही क्ष-किरण वेधशाळा अवकाशात गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या या दुर्बिणीने ही त्रिज्या सुमारे ०.६ विकलांपर्यंत आणली. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे शोधाचे क्षेत्र पावणेतीनशे पटींनी आकसले. जबलपूरमध्ये 'मदन महल भागात राहतो' एवढ्यावर माणूस शोधणे आणि घर क्रमांक हाती असणे, यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच येथे होते.

पत्ता चुकला की काय होते, याचे बोलके उदाहरण एसजीआर १८०६-२० याचेच आहे. हा स्रोत मृदू गॅमा किरणांचे वारंवार स्फोट करणाऱ्या गटातला. हा गट आणि विसंगत स्पंदकांचा गट ही एकाच चुंबकताऱ्यांच्या कुळातील दोन रूपे आहेत, हे नंतर स्पष्ट झाले. १९९५ मध्ये मार्टेन व्हॅन केरक्विक, श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांना या स्रोताच्या तत्कालीन पत्त्यावर अवरक्त प्रकाशात एक अत्यंत तेजस्वी महाकाय तारा आढळला. एवढा दुर्मिळ तारा नेमका तेथेच असावा, हा योगायोग वाटेना. तो स्रोताचा जोडीदार असावा, हा निष्कर्ष त्या वेळी स्वाभाविक होता. पुढे चंद्रा वेधशाळेने अचूक पत्ता दिला, तेव्हा चुंबकतारा त्या महाकाय ताऱ्यापासून दहाहून अधिक विकला दूर असल्याचे दिसून आले. हे अचूक मापन २००२ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या डेव्हिड कॅप्लन यांच्या गटातही कुलकर्णी होते. खरे प्रतिरूप २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले. ते सुमारे विसाव्या प्रतीचे, अगदी क्षीण होते. तोपर्यंत या 'जोडीदारा'च्या आधाराने बरीच चर्चा झाली होती, ती सर्व नव्याने तपासावी लागली.

केक दुर्बिणीवरील दोन यश

श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे बालपण हुबळीत गेले आणि पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या आयआयटीत झाले. १९८२ मध्ये बर्कले येथे संशोधन करीत असताना डोनाल्ड बॅकर यांच्यासह पहिल्या मिलिसेकंद स्पंदकाच्या शोधात त्यांचा सहभाग होता. पुढे ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे प्राध्यापक झाले. २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना देण्यात आला.

फर्दी हुलेमन, व्हॅन केरक्विक आणि कुलकर्णी यांनी हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावरील दहा मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने ४यू ०१४२+६१ याच्या परिसराची दीर्घ छायाचित्रे घेतली. २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी जाहीर केले की क्ष-किरण स्रोताच्या जागी सुमारे पंचविसाव्या प्रतीचा एक बिंदू आहे आणि त्याचे रंग आसपासच्या कोणत्याही ताऱ्याशी जुळत नाहीत. विसंगत क्ष-किरण स्पंदकाचे हे पहिले प्रतिरूप. ते इतके मंद होते की मोठ्या तबकडीची कल्पना त्याच्याशी जुळणे कठीण झाले. चुंबकताऱ्याच्या मताला बळ मिळाले, ते असे जे दिसले नाही त्याच्या आधारे.

पुढच्याच वर्षी याच गटाने अन्य सहकाऱ्यांसह १ई २२५९+५८६ याचेही संभाव्य प्रतिरूप शोधले. चंद्राने दिलेल्या इवल्याशा वर्तुळात, अवरक्त प्रकाशात, २१.७ प्रतीचा एक ठिपका होता. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीशी नुसत्या आकड्यांची तुलना केली, तर तो सुमारे वीस लाख पट मंद आहे. संशोधकांनी 'संभाव्य' हे विशेषण जपून वापरले होते. एवढ्या मंद तेजाचा एखादा सामान्य तारा योगायोगाने त्या वर्तुळात येणे अशक्य नव्हते.

खात्री पटवणारी घटना स्वतः ताऱ्यानेच घडवली. १८ जून २००२ रोजी १ई २२५९+५८६ याने काही तासांत ऐंशीहून अधिक क्ष-किरण स्फोट केले. व्हिक्टोरिया कास्पी आणि सहकाऱ्यांनी ते रॉसी उपग्रहाच्या साह्याने टिपले. त्यानंतर काही दिवसांत अवरक्त प्रकाशात पाहिले असता तोच मंद ठिपका सुमारे तिप्पट उजळलेला आढळला आणि पुढे क्ष-किरणांच्या जोडीनेच तो मंदावत गेला. बाजूला उभा असलेला एखादा सामान्य तारा अशी साथ देणार नाही. ४यू ०१४२+६१ याच्या बाबतीत पुरावा आणखी थेट होता. ब्रायन कर्न आणि ख्रिस्तोफर मार्टिन यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की त्याच्या प्रतिरूपाचे दृश्य तेजही बरोबर ८.७ सेकंदांनी कमी-अधिक होते. घड्याळ जुळले, ओळख पटली.

हे स्फोट कशामुळे होतात? चुंबकीय क्षेत्राचा ताण वाढत जाऊन न्यूट्रॉन ताऱ्याचे घट्ट कवच तडकते, असे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. त्याला ताराकंप म्हणता येईल. जबलपूरकरांना कंपाचा अनुभव आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हे शहर हादरले. मदन महल किल्ल्याजवळची ग्रॅनाइटची तोल सांभाळणारी शिळा मात्र जागची हलली नाही, असे तेथील लोक आजही अभिमानाने सांगतात. ताराकंपाच्या तुलनेत पृथ्वीवरचा कोणताही भूकंप नगण्य ठरतो. २७ डिसेंबर २००४ रोजी एसजीआर १८०६-२० याने केलेल्या महास्फोटाचे गॅमा किरण हजारो प्रकाशवर्षे ओलांडून येथे पोहोचले आणि त्यांनी पृथ्वीच्या आयनांबरावर मोजता येण्याजोगा परिणाम केला.

तबकडीचा वाद पुन्हा

चुंबकताऱ्याचे मत स्थिरावत असतानाच तबकडी अनपेक्षितपणे परत आली. झोंगशियांग वांग, दीप्तो चक्रवर्ती आणि डेव्हिड कॅप्लन यांनी स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीने ४यू ०१४२+६१ याचे निरीक्षण केले आणि २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. ४.५ आणि ८ मायक्रॉन या लांब तरंगलांबींवर या स्रोताचे तेज अपेक्षेहून बरेच जास्त होते. ताऱ्याभोवती पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाच्या धुळीची तबकडी असावी, असे त्यांनी सुचवले. ही तबकडी ताऱ्याला ऊर्जा पुरवत नाही, ती केवळ त्याच्या क्ष-किरणांनी तापते. म्हणजे चुंबकतारा आणि तबकडी ही दोन्ही मते अंशतः खरी ठरू शकत होती. मृत ताऱ्याच्या मलब्यातून नवे ग्रह घडू शकतात का, हा प्रश्नही त्यामुळे पुढे आला आणि वृत्तपत्रांनी तो आवडीने उचलला.

सोळा वर्षांनंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये, जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने सत्त्याहत्तर मिनिटांच्या अवधीत याच ताऱ्याचा १.४ ते ११ मायक्रॉनपर्यंतचा वर्णपट घेतला. जेरेमी हेअर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार हा वर्णपट एका साध्या, सलग चढणीसारखा आहे आणि २००६ ची तबकडी त्यात बसत नाही. हा प्रकाश तापलेल्या धुळीचा नसून विद्युतभारित कणांचा असावा आणि स्रोताचे तेज काळानुसार बदलत असल्याने जुन्या-नव्या मोजमापांत तफावत पडली असावी, असे त्यांचे मत आहे. वेगळ्या रचनेची मोठी तबकडी त्यांनी पूर्णपणे नाकारलेली नाही. या लेखकाच्या मते यातील सर्वांत महत्त्वाची बाब वेळेची आहे. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दुर्बिणींनी घेतलेली मोजमापे एकाच आलेखावर मांडून काढलेला निष्कर्ष चंचल ताऱ्याच्या बाबतीत फसवा ठरू शकतो. वेबची मोजमापे जवळजवळ एकाच वेळची होती आणि उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचे निरीक्षणही त्याच सुमारास करण्यात आले होते.

प्रतिरूपाचा दुसरा उपयोग

प्रतिरूप एकदा निश्चित झाले की त्याची जागा वर्षानुवर्षे मोजता येते. श्रीहर्ष तेंडुलकर, ब्रायन कॅमेरॉन आणि कुलकर्णी यांनी नेमके हेच केले. वातावरणाच्या थरथरीमुळे ताऱ्यांची प्रतिमा विस्कटते. लेसरच्या साह्याने आकाशात कृत्रिम तारा निर्माण करून आणि लवचीक आरशाने ही थरथर क्षणोक्षणी दुरुस्त करून केक दुर्बिणीने अवरक्त छायाचित्रे घेण्यात आली. अनेक वर्षांच्या छायाचित्रांत हे मंद ठिपके शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकले, हे तपासण्यात आले.

२०१२ मध्ये त्यांनी एसजीआर १८०६-२० याचा आकाशातील आडवा वेग सेकंदाला सुमारे ३५० किलोमीटर असल्याचे सांगितले. हा प्रवास उलट मोजत गेल्यावर तो जवळच्या तरुण ताऱ्यांच्या समूहापर्यंत पोहोचतो आणि ताऱ्याचे वय अवघे काही शतके निघते. २०१३ मध्ये १ई २२५९+५८६ याचा वेग सेकंदाला १५७ किलोमीटर, तर ४यू ०१४२+६१ याचा सुमारे १०२ किलोमीटर असल्याचे जाहीर झाले. पहिल्याची दिशा सीटीबी १०९ या अवशेषाच्या मध्याकडून आलेली दिसते. म्हणजे १९८१ मध्ये ज्या अवशेषात तो सापडला, तेथेच त्याचा जन्म झाला, ही गोष्ट केवळ शेजारावरून नव्हे तर प्रत्यक्ष चालीवरून सिद्ध झाली. दुसऱ्याचे जन्मस्थान मात्र या मोजमापातूनही हाती लागले नाही. तेंडुलकर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

भारतातील दुर्बिणींचा या कामातील वाटा मुख्यतः अन्य तरंगलांबींवर आहे. एकविसाव्या-बाविसाव्या प्रतीचे अवरक्त ठिपके टिपण्यासाठी आठ-दहा मीटरचा आरसा लागतो. देवस्थळ येथील आपली मोठी प्रकाशीय दुर्बीण ३.६ मीटरची आहे. रेडिओ लहरींत मात्र चित्र वेगळे आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. एक्सटीई जे१८१०-१९७ हा ५.५ सेकंदांचा विसंगत स्पंदक २००३ मध्ये सापडला, त्याचे अवरक्त प्रतिरूप २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे रेडिओ स्पंद २००६ मध्ये ऐकू आले. चुंबकताऱ्याचे असे स्पंद प्रथमच ऐकू येत होते. २००८ च्या अखेरीस तो गप्प झाला. डिसेंबर २०१८ मध्ये तो पुन्हा बोलू लागताच योगेश मान, भालचंद्र जोशी, मयुरेश सुर्णीस आणि सहकाऱ्यांनी काही दिवसांतच जीएमआरटी त्याच्याकडे वळवली. त्याच्या स्पंदांत मिलिसेकंदांच्या पल्ल्यातील तीव्र, अरुंद झटके त्यांना आढळले. त्यांचे काही गुणधर्म दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या शीघ्र रेडिओ स्फोटांशी मिळतेजुळते असल्याचे त्यांनी २०१९ मध्ये नोंदवले. २८ एप्रिल २०२० रोजी आपल्याच आकाशगंगेतील एसजीआर १९३५+२१५४ या चुंबकताऱ्याकडून तसा एक स्फोट आला आणि कॅनडा व अमेरिकेतील दोन रेडिओ यंत्रणांनी तो एकाच वेळी टिपला.